ताम्रपट, टेप आणि कवीचा आवाज

तर झालं असं की, गेल्या दिवाळीत वाशीमला घरी गेलो होतो. भाऊबीज उरकली, पाहुणे पांगले आणि दुपारी करायला काही नव्हतं म्हणून लॅपटॉपवर एक जुना माहितीपट लावून बसलो. 'ड्रेड बीट अँड ब्लड', १९७९ सालचा. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात राहणारा, मूळचा जमैकाचा कवी लिंटन क्वेसी जॉन्सन याच्यावरचा. आई शेजारी डाळ निवडत बसली होती. ती निवृत्त शिक्षिका, शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे तिचा कान तयार. पाच मिनिटं ऐकून म्हणाली, "हा कोनतं इंग्रजी बोलून राह्यला रे? आपल्या वऱ्हाडीवानी वाटते."

मला आधी हसू आलं. मग वाटलं, समीक्षकांना जे सांगायला दोन पानं लागतात ते हिने एका वाक्यात सांगून टाकलं. शाळेत एक भाषा आणि घरात दुसरी. शाळेतली ती शुद्ध, घरातली ती गावठी. मी पुण्यात पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा मीटिंगमध्ये तोंडातून 'करून राह्यलो' निघू नये म्हणून किती जपायचो, ते आठवलं. आणि हा माणूस हीच घरातली बोली घेऊन कविता लिहितो, तिचं स्पेलिंगसुद्धा आपल्या उच्चाराप्रमाणे करतो, आणि २००२ साली पेंग्विनच्या 'मॉडर्न क्लासिक्स' मालिकेत त्याचं पुस्तक निघतं. हयात असताना त्या मालिकेत जागा मिळालेला तो दुसराच कवी.

त्या दुपारपासून एक प्रश्न डोक्यात घर करून बसलाय. कवी गेला की त्याचं नेमकं काय उरतं? आणि जे उरतं ते कोण ठेवतं? पुस्तक उरतं, हे झालं सोपं उत्तर. पण ज्याची कविता तोंडाने म्हणायची असते, डफावर किंवा बेस गिटारवर चढवायची असते, त्याचं काय? मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. 'बॅकअप घेतलाय का?' हा प्रश्न मी दिवसातून चार वेळा कोणाला ना कोणाला विचारतो. म्हणून म्हटलं, कवींचा बॅकअप कसा घेतला जातो ते जरा बघू. बघता बघता लंडन झालं, घाटकोपर झालं आणि शेवटी गाडी परत वाशीमलाच आली. तेव्हा सुरुवातही तिथूनच करतो.

राजाची कविता

बाहेरच्या लोकांना वाशीम म्हटलं की "अकोल्याजवळ का?" एवढंच सुचतं. (१९९८ पर्यंत आम्ही अकोला जिल्ह्यातच होतो, त्यामुळे त्यांचाही फार दोष नाही.) पण हे गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेची इथे राजधानी होती. पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने इ.स. ३३० च्या सुमारास ही गादी सुरू केली. अजिंठ्याची बरीच लेणी ज्याच्या काळात झाली तो हरिषेण याच शाखेतला, आणि सोळाव्या लेण्यातला शिलालेख त्याचा मंत्री वराहदेव याचा.

सर्वसेन नुसता राजा नव्हता, कवी होता. 'हरिविजय' नावाचं काव्य त्याने लिहिलं, तेही संस्कृतात नाही, प्राकृतात. म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत म्हणा ना. सत्यभामेसाठी श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, तो त्याचा विषय. हे काही हौशी राजाचं काम नव्हतं. काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त त्याची दखल घेतली. माळव्याच्या भोजाने आपल्या ग्रंथांत त्यातले श्लोक उदाहरणं म्हणून दिले. गाथासप्तशतीतल्या काही गाथा त्याच्या नावावर आहेत. राजशेखराने तर 'काव्यमीमांसे'त कमालच केली. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावायची वेळ आली, तेव्हा त्याने मांडव घातला तो विदर्भातल्या वत्सगुल्मात! साहित्याचं लग्न आमच्या गावात लागलं, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

आता खरं दुःख ऐका. 'हरिविजया'ची पूर्ण पोथी आज कुठेही नाही. जे आहे ते काव्यशास्त्राच्या ग्रंथांत विखुरलेले श्लोक. प्राकृताचे अभ्यासक व्ही. एम. कुलकर्णी यांनी ते वेचून वेचून एकत्र केले. आमच्या भाषेत सांगायचं तर मूळ सर्व्हर कधीच जळाला. दुसऱ्या लोकांनी आपापल्या फायलींत जे कॉपी-पेस्ट करून ठेवलं होतं तेवढंच वाचलं. आणि त्यांनी ते सर्वसेनाच्या प्रेमाने ठेवलं होतं असंही नाही. कोणाला ध्वनीचं उदाहरण हवं होतं, कोणाला अलंकाराचं. कविता वाचली ती दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या नोंदींमुळे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच घराण्याची दुसरी एक गोष्ट मात्र अगदी जशीच्या तशी राहिली. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती, त्याच्या सदतिसाव्या राज्यवर्षातला ताम्रपट १९३९ साली वाशीमला मिळाला. वाकाटकांच्या आजवर मिळालेल्या ताम्रपटांत हा सगळ्यात जुना. वत्सगुल्म शाखेचा इतिहास खरा उलगडला तो या पत्र्यांमुळे. त्यात काय आहे? वंशावळ संस्कृतात आणि पुढचा मजकूर प्राकृतात. नांदेडच्या उत्तरेकडच्या भागातलं एक गाव ब्राह्मणांना दान दिलं, त्याचा तपशील. म्हणजे बापाचं काव्य गेलं आणि मुलाने केलेला सातबारा राहिला. राज्याला जे महत्त्वाचं वाटलं ते त्याने तांब्यावर कोरलं. कवितेला कोणी ताम्रपट दिला नाही, राजाच्या कवितेलासुद्धा.

राजाची ही गत, तर बाकीच्यांचं काय?

बोटीवरून उतरलेलं गाणं

आता सोळाशे वर्षं आणि दोन महासागर ओलांडायचे आहेत. उडी मोठी आहे, पण प्रश्न तोच आहे.

कॅरिबियन बेटं म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. पण तिथली बहुतेक माणसं मुळात तिथली नाहीत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेले लोक, आणि गुलामगिरी बंद झाल्यावर १८३८ ते १९१७ या काळात हिंदुस्थानातून करारावर नेलेले मजूर. हे मजूर बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. (आपली मराठी माणसं गेली ती जास्त करून मॉरिशसला.) व्ही. एस. नायपॉलचे पूर्वज असेच त्रिनिदादला पोचले. मग दुसऱ्या महायुद्धानंतर याच बेटांवरून लोक कामधंद्यासाठी इंग्लंडला निघाले. म्हणजे एकदा उपटलेलं रोप पुन्हा उपटलं गेलं.

२२ जून १९४८ रोजी 'एम्पायर विंडरश' नावाच्या बोटीवरचे प्रवासी लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरले. प्रवाशांत त्रिनिदादचा एक कॅलिप्सो गायक होता, नाव ऑल्डविन रॉबर्ट्स, पण लोक त्याला 'लॉर्ड किचनर' म्हणत. पाथे कंपनीचे बातमीपटवाले कॅमेरा घेऊन आले होते. त्यांनी विचारलं, गाऊन दाखवतोस का? आणि गड्याने तिथेच, साथीला एकही वाद्य नसताना, लंडनवरचं स्वतःचं गाणं म्हटलं. ती फिल्म आजही बघायला मिळते. बातमीपटवाल्याला हवी होती बातमी, कविता नव्हे. पण राहिली कविता. आलं ना लक्षात? आनंदवर्धनाचाच किस्सा, फक्त भूर्जपत्राऐवजी फिल्म.

आता याच्या उलट गोष्ट. १९४३ ते १९५८ या काळात बीबीसीवर 'कॅरिबियन व्हॉइसेस' नावाचा कार्यक्रम चालायचा. जमैकाच्या कवयित्री युना मार्सन यांनी तो सुरू केला. बेटांवरच्या लेखकांनी कथा-कविता लंडनला पाठवायच्या, आणि तिथून त्या वाचून परत बेटांकडे प्रक्षेपित व्हायच्या. डेरेक वॉलकॉट, जॉर्ज लॅमिंग, सॅम सेल्व्हन, खुद्द नायपॉल, सगळे या कार्यक्रमातून पुढे आले. कार्यक्रमाच्या नावातच 'आवाज'. पण टिकल्या त्या मुख्यतः कागदावरच्या संहिता, ध्वनिमुद्रणं फारच थोडी. त्या काळी टेप महाग, आणि उद्या याचं कोणाला काय, असा हिशोब. म्हणजे ज्या कार्यक्रमाने एका साहित्याला आवाज दिला, त्याचाच आवाज गेला. टेप पुसून पुन्हा वापरायची, ही सवय पुढेही कितीतरी रेडिओ-टीव्ही केंद्रांनी जगभर पाळली.

या पार्श्वभूमीवर लिंटन क्वेसी जॉन्सनवरचा तो माहितीपट बघायला हवा. जॉन्सन जन्मला १९५२ साली जमैकातल्या चॅपलटन गावात, आईमागे लंडनला आला १९६३ साली. शाळकरी वयातच ब्रिटनमधल्या ब्लॅक पँथर चळवळीत गेला आणि तिथल्या वाचनामुळे कवितेकडे वळला. फिल्म करणारा फ्रँको रोसो हाही बाहेरून आलेलाच, जन्माने इटालियन, लहानपणी लंडनला आलेला. त्याने काय केलं? कवीला खुर्चीत बसवून "आपली प्रेरणा काय?" असं विचारलं नाही. कॅमेरा घेऊन तो ब्रिक्स्टनच्या रस्त्यावर गेला. तिथे कविता पुस्तकात नव्हती. रेगेच्या ठेक्यावर होती, तरुण पोरांच्या घोळक्यात होती. ब्रॅडफर्डच्या जॉर्ज लिंडो या कामगाराला दरोड्याच्या खोट्या आरोपात शिक्षा झाली होती, त्याच्या सुटकेसाठी लोक रस्त्यावर उतरले होते, तिथे होती.

कविता छापलेली वाचणं आणि ती त्या माणसाच्या तोंडून ऐकणं यात किती फरक असतो! छापील पानावर त्याचं स्पेलिंग विचित्र वाटतं, अडखळायला होतं. तोच शब्द तो उच्चारतो तेव्हा कळतं की ही चूक नाही, हा ठेका आहे. आईला वऱ्हाडी 'ऐकू' आली ती यामुळेच. तेच पुस्तक मी तिच्या हातात दिलं असतं तर तिने लाल पेन शोधलं असतं :)

पुढच्या घटना भराभर सांगतो. १८ जानेवारी १९८१ रोजी लंडनच्या न्यू क्रॉस भागात वाढदिवसाच्या पार्टीत आग लागली आणि १३ कृष्णवर्णीय तरुण मुलं-मुली गेली. तपास नीट झाला नाही, सरकारकडून सहानुभूतीचा शब्दही आला नाही, ही लोकांची खंत होती. २ मार्चला हजारो लोकांचा मोर्चा लंडनभर फिरला. जॉन्सनने त्यावर कविता लिहिली. मेनेलिक शबाझने तो मोर्चा चित्रित करून 'ब्लड आ गो रन' हा छोटा माहितीपट केला. कवी आणि कॅमेरेवाला एकाच रस्त्यावर चालत होते.

आणि मग मायकल स्मिथ. जमैकाचा, कविता म्हणताना अख्खं शरीर वापरणारा तरुण. १९८२ मध्ये बीबीसीच्या 'अरेना' या कार्यक्रमाने त्याच्यावर 'अपॉन वेस्टमिन्स्टर ब्रिज' हा माहितीपट केला. लंडनमध्ये तो फिरतो, जॉन्सनला भेटतो, म्हाताऱ्या सी. एल. आर. जेम्सशी बोलतो. (हे जेम्स म्हणजे क्रिकेटवर 'बियाँड अ बाउंड्री' लिहिणारे तेच.) पुढच्याच वर्षी, १७ ऑगस्ट १९८३ रोजी, जमैकात राजकीय वादातून त्याला दगडांनी ठेचून मारलं. वय अठ्ठावीस-एकोणतीस. ती फिल्म एक वर्ष उशिरा करायची ठरली असती तर आज काय असतं?

नंतर या लेखकांना मान मिळाला, तसे गौरवपर माहितीपटही आले. नायपॉलवर २००८ साली 'अरेना'नेच केला. वॉलकॉटवर इडा डस या बाईंनी २०१३ साली 'पोएट्री इज अ‍ॅन आयलंड' केला. सेंट लुशिया बेट, समुद्र, म्हातारा कवी. वॉलकॉट २०१७ साली गेले. चांगली फिल्म आहे, जरूर बघा. पण नोबेल मिळालेल्या माणसाकडे कॅमेरा जाणारच. खरा प्रश्न असतो तो नोबेल न मिळालेल्यांचा.

घाटकोपर, ११ जुलै

आता आपल्याकडे येऊ. ब्रिक्स्टनहून मुंबईला यायला फार लांब जावं लागत नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, नाव थेट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. म्हणजे साधारण एकाच काळात लंडनमध्ये एक आणि मुंबईत एक, असे दोन तरुण कवी पँथर होते, आणि दोघांनीही पुस्तकी भाषा फेकून रस्त्याची भाषा घेतली. आणि योगायोग बघा, त्रिनिदादचे नायपॉल १९९० च्या 'इंडिया: अ मिलियन म्युटिनीज नाऊ'साठी मुंबईत आले तेव्हा ढसाळ आणि मलिका अमरशेख यांना भेटले, आणि त्यांच्यावर पुस्तकात भरपूर लिहिलं.

पण मला सांगायचंय ते विलास घोगरे यांच्याबद्दल. ढसाळांइतकं हे नाव पुस्तकवाल्यांना माहीत नाही. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे शाहीर, डाव्या चळवळीच्या मंचावरून गाणारे. आनंद पटवर्धन यांनी १९८५ मध्ये 'हमारा शहर' हा माहितीपट केला. विषय होता मुंबईतल्या झोपड्यांवर आणि फुटपाथवरच्या लोकांवर फिरणारा बुलडोझर. त्यात घोगरे गातात. फिल्म त्यांच्यावर नव्हती. शहरावर होती. ते त्यात एका गाण्यापुरते आले.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण गेले. घोगरे तिथे गेले, त्यांनी ते सगळं पाहिलं. १५ जुलैला त्यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. कपाळाला निळं फडकं बांधलेलं होतं. वर्षानुवर्षं लाल झेंड्याखाली गाणाऱ्या माणसाने जाताना निळा रंग का निवडला, हा प्रश्न पटवर्धनांना सोडेना. त्यातून 'जय भीम कॉम्रेड' सुरू झाला. पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली. २०११ साली तयार झाला तेव्हा त्याची लांबी होती तीन तासांहून जास्त.

ही फिल्म मी पहिल्यांदा पुण्यात मित्राच्या खोलीवर बघितली. मध्ये चहा करायचा असं ठरलं होतं, पण कोणी उठलं नाही. 'हमारा शहर'मधला घोगरेंचा तो जुना तुकडा यात पुन्हा येतो, आणि आता तो वेगळाच दिसतो. १९८५ साली ते झोपडपट्टीचं गाणं होतं, आता तो गेलेल्या माणसाचा आवाज आहे. मग कॅमेरा इतर शाहिरांकडे, गायकांकडे, वस्तीतल्या बायकांकडे जातो आणि शेवटी पुण्याच्या कबीर कला मंचातल्या शीतल साठेंसारख्या तरुण गायकांपर्यंत पोचतो. फिल्म बघताना हळूहळू कळतं की हा एका कवीवरचा माहितीपट नाहीच. एक गाणारा गेला तरी गाणं कुठून कुठे जातं, याचा तो शोध आहे. पुढे ही फिल्म मुंबईतल्या वस्त्यांमध्येच पडदा लावून दाखवली गेली. गाणं ज्यांचं होतं त्यांना परत दिलं. मला हे कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं.

आपल्याकडे ठरवून केलेले चांगले माहितीपटही आहेत, नाही असं नाही. अरुण खोपकरांनी २००२ साली 'नारायण गंगाराम सुर्वे' केला, सुर्वे हयात असताना. शीर्षकातलं ते 'गंगाराम' महत्त्वाचं. गंगाराम सुर्वे म्हणजे तो गिरणी कामगार, ज्याने रस्त्यावर टाकून दिलेलं पोर घरी आणलं, वाढवलं आणि आपलं नाव दिलं. साहित्य अकादमीनेही अनेक लेखकांवर माहितीपट करून ठेवलेत. या सगळ्याचा उपयोग आहेच. पण अकादमीचा कॅमेरा तुमच्या दारात येईपर्यंत तुम्ही बहुधा सत्तरी गाठलेली असते आणि आधीच पुस्तकात सुरक्षित झालेले असता. घोगरेंसारख्याचा तोपर्यंत पत्ताच राहत नाही.

म्हणून माझं मत असं झालंय. कवीवरचा माहितीपट म्हणजे त्याचा सत्कार, शाल-श्रीफळ, असं आपण समजतो. ते खरं नाही. तो ताम्रपट आहे. कागदावर न मावणारा कवीचा भाग, म्हणजे दम कुठे घेतला, कुठला शब्द ओढला, समोर कोण बसलं होतं, ते सगळं कोरून ठेवणारा. फक्त फरक एवढाच की पूर्वी ताम्रपट राजा द्यायचा आणि आज तो कोणीही देऊ शकतो.

जात्यावरची माणसं

कोणीही म्हणजे खरंच कोणीही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी पुणे जिल्ह्यातल्या मुळशी भागापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. सहकारी जोडले गेले, गावं वाढली, आणि आकडा एक लाखाच्या वर गेला. पुढे बर्नार बेल यांच्या साथीने त्यातल्या पुष्कळ ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, त्या ओव्या प्रसिद्ध करतंय. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, आवाज, आणि जमेल तिथे छोटी चित्रफीतही. ओवी म्हणजे 'लोकसाहित्य', तिला कर्ता नसतो, असं आम्हाला शिकवलं होतं. इथे प्रत्येक ओवीखाली बाईचं नाव आहे. बहिणाबाईंच्या कविता निदान मुलाने, सोपानदेवांनी जपल्या आणि १९५२ साली छापून आल्या. त्यांचा आवाज मात्र आपल्याकडे नाही. बाकीच्या हजारो बायांचं तर कागदावरसुद्धा काही नव्हतं.

आता माझी कबुली. २००७ साली मी आजीच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या होत्या. बटणांचा मोबाईल, खरखर आवाज, पण चाळीसेक मिनिटं होती. आजी आधी "हे काय येडेपना लावला" म्हणाली, मग जातं नसतानाही हाताने जातं फिरवल्यासारखं करत गात सुटली. हाताशिवाय तिला पुढची ओळ आठवतच नव्हती. दोन वर्षांनी ते मेमरी कार्ड मी कॅमेऱ्यात टाकलं, 'फॉरमॅट करायचं का?' असं त्याने विचारलं, आणि मी हो म्हटलं. मी. जगाला बॅकअप शिकवणारा. आजी २०१० मध्ये गेली. आज त्यातल्या चार ओव्या आईला येतात, अर्धी मला. सर्वसेनाचं काव्य हरवलं म्हणून मी शाळेवर चिडतो, पण माझ्या घरचं 'हरिविजय' माझ्याच अंगठ्याने पुसलं.

वाशीम आजही काही मुकं गाव नाही. नामदेव कांबळे इथलेच, आमच्या जिल्ह्यातल्या शिरपूरचे. 'राघववेळ' कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि २०२१ मध्ये पद्मश्री. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीला देशभरातून बंजारा समाज येतो. त्यांच्या गोरमाटी बोलीला स्वतःची लिपी नाही, पण होळीच्या लेंगी ऐका, दोन-दोन तास चालतात. १४ एप्रिलला वस्तीत जी भीमगीतं वाजतात त्यातली सगळीच काही कॅसेटची नसतात. गावातल्या कोणीतरी रचलेलीही असतात, आणि त्या 'कोणीतरी'चं नाव चार गल्ल्या सोडून पुढे कोणाला माहीत नसतं. या सगळ्यांसाठी लंडनहून फ्रँको रोसो येणार नाही. आणि यायची गरजही नाही. त्याच्यापेक्षा भारी कॅमेरा आज प्रत्येकाच्या खिशात आहे. रेकॉर्ड करणं सोपं झालंय. अवघड आहे ते नाव, गाव, तारीख लिहून ठेवणं आणि फाईल तीन ठिकाणी ठेवणं. कॅमेऱ्याचा प्रश्न आता राहिला नाही, आळसाचा राहिलाय.

तर त्या दिवाळीच्या दुपारी फिल्म संपल्यावर मी फोन काढला आणि आईला म्हटलं, आजीच्या त्या चार ओव्या म्हण. ती म्हणाली, "आता? हे डाळ कोन निवडंल?" मग मी डाळ निवडायला बसलो आणि ती गायला लागली. चारच्या सहा निघाल्या. दोन तिला स्वतःलाच माहीत नव्हत्या की येतात. आवाजात मध्येच कुकरच्या शिट्ट्या आहेत, एकदा शेजारच्या काकू "दही आहे का?" विचारून गेल्या तेही आहे. ते मी काढलेलं नाही.

फाईलला नाव दिलंय: आईचं नाव, वाशीम, तारीख. तीन प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक बहिणीकडे अमरावतीला, आणि एक आईच्या कपाटात, पेनड्राइव्हवर, दागिन्यांच्या डब्यात.